तीन नंबरचं मुंडकं

रात्री साडेनवाला फोन वाजतो
आणि आधी नुसता वारा बोलतो.
मग आयपिली खोकतो,
मग त्याची नात सिआसी:
"आजोबा म्हणतात, पुन्हा तुटली."

पुंगळी. बुडापासून बोटभर वर, कमरेत.
अर्धी बाहेर आली, अर्धी आतच बसली,
आणि समोर, शंभर पावलांवर,
अस्वल पिल्लाला घेऊन आपल्या वाटेनं गेलं म्हणून बरं.
"आजोबा म्हणतात, अस्वल शहाणं होतं.
बंदूक नव्हती."

मी ट्रूरोत, स्वयंपाकघरात, एकाच पायात मोजा.
तीस वर्षं पलटणीच्या बंदुका दुरुस्त केल्या,
आता दुखणं कानानं तपासतो.
बोल्ट जड उठतो का? नाही.
तेल गोठतं का?
तिकडे दोघंही हसतात. तेल लावतंय कोण!
मग म्हणतो, एक तार घे, टोक नखाएवढं वाकव.
झाडलेल्या पुंगळीत सोड, आतल्या अंगानं वर ओढ,
हळू, दात कोरतात तशी.
वारा. वारा.
"अडकते. सगळ्यांत. एकाच जागी."

तर असं आहे, आयपिली.
त्रेचाळीस सालची तुझी बंदूक आतून सैल झालीय.
काडतूस टेकायला जागा शोधतं, मिळत नाही,
मग स्वतःलाच ताणून घेतं.
बोल्टचं मुंडकं बदलायचं, जरा लांब लावायचं, बस.
सैन्यानं चार मापं करून ठेवली होती,
शून्यापासून तीनपर्यंत.
तुझ्यात दोन आहे. तीन हवं.

शून्य मागा, ओंजळभर देतील.
तीन हॅलिफॅक्सच्या एका म्हाताऱ्याकडे होतं,
जावयानं विकलं.
इंग्लंडमधल्या बाईनं किंमत सांगितली,
मी विचारलं, अख्खी बंदूक नाही ना पाठवणार?
मॅनिटोबाहून एक आलं खरं,
पण कुणीतरी कानस मारलेली:
शिक्का तीनाचा, माप एकाचं.

सरकारनं नवी दिलीय त्याला, लाल दस्त्याची.
ती सिआसी वापरते.
का, ते मी विचारलं नाही.

मार्चच्या वादळात वीज गेली.
कंदिलाशी डबे घेऊन बसलो, बिस्किटांचे,
झाकणांवर व्हर्नाचं अक्षर:
स्प्रिंगा.
स्क्रू, बहुतेक.
दोन नंबर. फार झाले.
मॅनिटोबाचं ते खोटं तीन समोर होतं,
आणि मनात आलं, तीन खोटं निघतं
तर एखादं दोनही खोटं निघेल.
मायक्रोमीटर पुसला.
सहाशे एकतीस थाऊ. बत्तीस. एकतीस. तेहतीस.
बोटं गारठली, मांजर कंटाळून गेलं.
एकेचाळिसावं: सहाशे छत्तीस.
फुंकर मारून मोजलं, डोळे चोळून मोजलं.
अंगावर दोनाचा शिक्का, वाढ तीनाची.
शनिवारी संध्याकाळी कुणीतरी
जरा कमी घासून घरी गेलं असेल.
त्या आळशाचं भलं होवो.

गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत कापूस घालून पाठवलं,
डोकेदुखीच्या गोळ्या, बंदुकीच्या नव्हे.
विमान दोनदा धुक्यातून परतलं.
चिठ्ठीत लिहिलं: आटे संपतात तिथं
मुंडकं सरळ रेषेत यायला हवं,
पुढं फिरलं तर झाडू नकोस, मला परत पाठव.
पहिली गोळी स्लेजला बांधून, लांब दोरीनं,
खडकामागून. हसतील ते, हसू दे.

एप्रिल. साडेनऊ. वारा.
मग कुणीच काही न बोलता
खट्. आणि खाली, मऊ, दुसरा खट्.
त्या दुसऱ्या आवाजासाठी तर मी जागा होतो.
तार घातलीस?
"पाच पुंगळ्यांत. कुठंच अडकत नाही."
मग तो काहीतरी पुटपुटतो, लांबलचक,
आणि सिआसी त्यातलं एवढंच सांगते:
"आजोबा म्हणतात, तुमच्याकडं फारच शांत आहे."

मी डब्याचं झाकण लावतो,
आवाज होईल असं.